तिलेबाल्दीची डावी बाजू

बिश्केकहून नारीनमार्गे चीनच्या सरहद्दीकडे जाणाऱ्या रस्त्यावर तिलेबाल्दीने उभी हयात ट्रक चालवला. दोलोनच्या खिंडीत बर्फ पडला की बाकीचे ड्रायव्हर खाली कोचकोरला चहा पीत बसायचे, आणि हा चाकांना साखळ्या बांधून वर निघायचा. त्याच्या ट्रकला कधी साधा ओरखडा पडला नाही, असं तो स्वतः सांगायचा, आणि त्याच्या बाबतीत ते खरंही होतं.

एका सकाळी अंगणात तोंड धुता धुता तो डाव्या कुशीवर कोसळला. बिश्केकच्या दवाखान्यात मेंदूतली रक्ताची गाठ विरघळवली, आणि महिन्याभराने तो काठी टेकत घरी आला. बोलणं शाबूत होतं, पाय चालत होते, डावा हात तेवढा सुस्त झाला होता. भेटायला आलेले लोक म्हणाले, थोडक्यात निभावलं.

निभावलं नव्हतं, हे पहिल्यांदा त्याच्या बायकोच्या, कालबूबूच्या लक्षात आलं. तो ताटातलं उजव्या बाजूचं मटण संपवायचा आणि म्हणायचा, "एवढंच वाढलंस?" डाव्या बाजूला तुकडे तसेच पडलेले असायचे. दाढी केली तर उजवा गाल गुळगुळीत आणि डाव्या गालावर खुंट. दारातून आत येताना डावा खांदा चौकटीवर आपटायचा, आणि तो चौकटीलाच शिव्या द्यायचा. तिने बिश्केकच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला.

"डोळे ठणठणीत आहेत त्यांचे," गुलबारा डॉक्टर म्हणाल्या. "मेंदूच्या ज्या भागाला मार बसलाय, तो भाग डावीकडे लक्ष ठेवतो. आता त्यांच्या लेखी डावीकडे काही नाहीच. आणि काही नाही, हेही त्यांना कळत नाही. रागावू नका. व्यायाम दिलेत ते करून घ्या. आणि गाडीला हात लावू देऊ नका."

व्यायाम म्हणजे कागदावरच्या रेघा शोधून खोडायच्या. तिलेबाल्दीने एकदा ते कागद पाहिले आणि शेगडीत कोंबले. "मी काय बालवाडीत जातोय? डोळ्यांच्या डॉक्टरने सगळी अक्षरं वाचून घेतली माझ्याकडून. एक चुकलो नाही!"

मग शेजारच्या लग्नातला तो प्रकार झाला. असानाली म्हणजे तिलेबाल्दीचा तरुणपणापासूनचा सोबती. दोघांनी एकत्र ट्रक हाकले, एकदा हिमकड्याखाली अडकून दोघांनी एकाच पोस्तिनीत, म्हणजे मेंढीच्या कातड्याच्या कोटात, रात्र काढली. तो लग्नाच्या पंगतीत लांबून मित्राला पाहून आला, अदबीने दोन्ही हात पुढे केले. आला तो डावीकडून. तिलेबाल्दी हाडाचं मांस सोलत राहिला. असानाली सगळ्या गावादेखत हात पसरून उभा राहिला, आणि मग ते हात त्याने हळूच खिशात घातले. "ट्रक गेला, पण मिजास काही गेली नाही," एवढं बोलून तो निघून गेला.

घरी आल्यावर कालबूबूने हे सांगितलं तर तिलेबाल्दी म्हणाला, "असानाली आलाच नव्हता."

"अहो, त्याचं कोपर तुमच्या कोपराला लागत होतं!"

"म्हणजे मी खोटं बोलतो?"

त्या दिवसापासून त्याने घराबाहेर पडणं सोडलं. मोठ्या खोलीत शेगडीजवळच्या खुर्चीत बसून राहायचा. जेवायला हाक मारली तर जेवायचा, नाही मारली तर नाही. सबंध दिवसात चार शब्द बोलला तरी पुष्कळ. त्याचा ट्रक आता मुलगा तालांत चालवत होता. अंगणात इंजिन सुरू झालं की तिलेबाल्दी उठून आतल्या खोलीत जायचा आणि आवाज विरेपर्यंत तिथेच उभा राहायचा. एकदा बायकोला म्हणाला, "त्या दिवशी संपलो असतो तर बरं झालं असतं." ती म्हणाली, "असलं पुन्हा बोललात तर मी माहेरी जाईन." तिच्या माहेरी कोणीच उरलेलं नव्हतं, हे दोघांनाही ठाऊक होतं.

एक गोष्ट मात्र त्याने कोणालाच सांगितली नव्हती. ट्रकची दुसरी चावी त्याच्या हिवाळी कोटाच्या अस्तरात होती. वसंतातल्या नोरूजच्या सणाला तालांतला सुट्टी असेल, ट्रक दिवसभर अंगणात उभा राहील. मग सगळे पाहुण्यांत गुंतले की ट्रक काढायचा, खिंडीपर्यंत जायचं आणि परत यायचं. एकदा आणून अंगणात लावला की सगळ्यांची तोंडं बंद. ह्या एका विचारावर त्याचा हिवाळा चालला होता.

सून पेरीझात त्या घरात नवीन होती. शरदात लग्न होऊन बिश्केकहून आली. बाकीच्या सुना माहेराहून गाद्या आणि रजया आणतात. हिने गाद्यांसोबत एक काँप्युटर आणला, शिवाय स्टिअरिंगचं चाक आणि पायाखालचे पेडल. कालबूबू बायकांना सांगायची, "माझ्या सुनेच्या हुंड्यात अर्धी मोटार आलीय. उरलेली अर्धी व्याह्यांनी ठेवून घेतली." पेरीझात हसून चहा ओतायची. लग्नाआधी ती बिश्केकमधल्या मुलींच्या एका संघातून काँप्युटरवरचे खेळ खेळायची, स्पर्धांना जायची. इथे ती सकाळी शाळेत मुलांना काँप्युटर शिकवायची, आणि दुपारी घरातलं आवरलं की तासभर खेळायची. मोठ्या खोलीतच ऊब असल्यामुळे काँप्युटरही तिथेच होता. सासरे मागे खुर्चीत बसलेले असायचे. तिने सुरुवातीला संकोचून खेळ बंद ठेवला होता, पण तालांत म्हणाला, "खेळ गं, त्यांचं लक्ष कुठे असतं!"

एका दुपारी ती ट्रक चालवण्याचा खेळ खेळत होती. मागे मोठा ट्रेलर, समोर चढ. इंजिन घरघरायला लागलं.

"खालच्या गिअरमध्ये टाक."

पेरीझातला वाटलं, रेडिओ लागला. तिने मागे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघतेस? रस्त्याकडे बघ! चढावर असा ट्रक हाकतात? इंजिनाचा जीव घेशील."

"टाकला, अताके." सासऱ्याला ती अताके म्हणायची.

"उशिरा टाकलास. आता उतारावर ब्रेकवर उभी राहू नकोस. इंजिनाने आवर. अगं, इंजिनाने! अरे देवा, माल गेला."

ट्रेलर दरीत गेला होता. स्वयंपाकघरातून कालबूबू पीठ लागलेल्या हातांनी बाहेर आली, कारण नवऱ्याचा एवढा मोठा आवाज तिने महिन्यांत ऐकला नव्हता.

"मला नाही जमत," पेरीझात खुर्चीतून उठत म्हणाली. "तुम्ही दाखवा ना कसा न्यायचा ते."

"खेळण्यातला ट्रक मी चालवू?"

"राहू दे गं," कालबूबू म्हणाली, "त्यांना नाही जमायचं ते."

हे ऐकल्यावर तिलेबाल्दी उठलाच. सुनेच्या खुर्चीत बसला, पेडल पायाने चाचपले, चाकावर उजवा हात ठेवला, डावा उचलून त्याच्या जोडीला ठेवला. गिअर टाकण्याची त्याची पद्धत पाहूनच पेरीझातला कळलं की हा माणूस झोपेतही हे करू शकेल. चढ त्याने लोण्यासारखा काढला. मग समोरून एक लाल मालट्रक आला, आणि तिलेबाल्दी सरळ त्याच्यावर जाऊन आदळला.

"ही कुठून आली?"

"समोरून, अताके."

"समोर काही नव्हतं. तुझा खेळ खराब आहे. वाटेल तिथून गाड्या टाकतो."

पुन्हा सुरू केलं. ह्या वेळी कठडा. मग एक बस. मग एका गावातली भिंत. प्रत्येक वेळी खेळ खराब, नाहीतर चाक खराब, नाहीतर ज्याने रस्ता काढला तो दारुडा. पेरीझातने पाहिलं की उजवीकडच्या एकाही वस्तूला त्याने धक्का लावला नाही. त्या देशात गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, त्यामुळे समोरून येणारी वाहतूक डाव्या हाताला असते, आणि तिच्याकडे तो एकदाही बघत नव्हता.

रात्री जेवताना ती तालांतला म्हणाली, "सांगून त्यांना पटणार नाही. सगळे इतके महिने सांगतच आहेत."

"मग?"

"त्यांनाच बघू दे."

खेळात झालेला प्रवास पुन्हा पाहायची सोय होती, आणि तो कुठल्याही बाजूने पाहता यायचा. पेरीझातने तो रस्त्यावर समोर उभं राहून पाहिल्यासारखा लावला. ट्रक पाहणाऱ्याच्या अंगावर येतोय असा. त्यामुळे तिलेबाल्दीच्या डाव्या हाताची लाल गाडी पडद्यावर उजव्या बाजूला आली.

दुसऱ्या दुपारी तो आपणहून काँप्युटरजवळ येऊन बसला. "आज गंमत बघा," ती म्हणाली, आणि लावून दिलं.

तो पुढे वाकून पाहू लागला. "चढ बरा काढला. माणूस शिकलेला दिसतो." मग त्याच्या भुवया वर गेल्या. "अरे, हा कुठे चाललाय? समोरून गाडी येतेय, दिवे मारतेय... दिसत नाही का ह्याला? अरे गाढवा, दाब ब्रेक!" धडक झाली. तिलेबाल्दी खुर्चीत मागे टेकला. "असल्या माणसाला लायसन कोणी दिलं? दारू पिऊन बसला असणार. कोण आहे हा?"

असं काही सासऱ्याला सांगायची वेळ कुठल्याही सुनेवर येऊ नये. "अताके, हे तुम्ही आहात. कालचे."

तो पडद्याकडे वाकला. मग म्हणाला, "पुन्हा लाव."

तिने लावलं. मग कठड्याचं लावलं. बसचं लावलं. त्याने सगळं पाहिलं. लाल गाडीच्या ड्रायव्हरने हॉर्न दिला होता, दिवे मारले होते, शेवटी बाजूला घ्यायलाही पाहिलं होतं. तिलेबाल्दीच्या आठवणीतला रस्ता अगदी मोकळा होता.

तो उठला, कोट चढवला आणि अंगणात जाऊन बर्फात उभा राहिला. कालबूबू मागे जायला निघाली, तिला पेरीझातने धरून ठेवलं. घरात त्या दिवशी चहा कोणी प्यायला नाही. संध्याकाळी तालांत माल उतरवून घरी आला, तेव्हा बापाने त्याच्यापुढे चावी ठेवली.

"ही कुठली?" तालांतने विचारलं.

"तुझ्या गाडीचीच. नोरूजला गुपचूप काढून खिंडीत जाणार होतो."

"बाबा!"

"ओरडू नकोस. गेलो नाही ना?" मग तो म्हणाला, "गेलो असतो. आणि कोणाच्या तरी भरल्या गाडीवर घातली असती. मला दिसलंही नसतं की कोणावर घातली." त्याने सुनेकडे पाहिलं. "तू रडतेस कशाला? गाढव तू होतीस की मी?"

पेरीझातने स्वतः गुलबारा डॉक्टरांना फोन केला. खेळाने काही बिघडणार तर नाही ना, हे तिला विचारायचं होतं. बाई म्हणाल्या, "बिघडत नाही. उलट असले खेळ आम्हीही वापरतो, सगळीकडे सोय नसते एवढंच. थोडा थोडा वेळ खेळू दे. डोकं दुखलं की बंद. आणि पडद्याच्या डाव्या कडेला काहीतरी ठळक लावा. ते शोधायचं आणि मगच पुढे जायचं. मात्र कागदावरचे व्यायामही करा म्हणावं. खेळ हे जादूचं औषध नाही."

पेरीझातने पडद्याच्या डाव्या कडेला लाल फीत चिकटवली. नियम असा ठरला की प्रत्येक वळणाआधी मान वळवून फीत शोधायची. फीत दिसली की तिच्या शेजारचा आरसा बघायचा, आणि मगच चाक फिरवायचं. ऐकायला सोपं, पण पहिले काही दिवस त्याला घाम फुटायचा. नसलेल्या जागी मान वळवायची म्हणजे काय, हे ज्याला करावं लागलं नाही त्याला सांगून कळणार नाही. डोकं ठणकायचं, तो चाकावर मूठ आपटायचा, उठून जायचा. दुसऱ्या दिवशी दुपारी शाळा सुटायच्या आधीच खुर्चीत येऊन बसलेला असायचा.

"फीत, अताके."

"बघितली."

"नाही बघितली."

"तू काय माझ्या डोक्यात बसलीयस?"

"बस आली बघा."

"आली, आली! दिसली!" आणि बस डावीकडून निघून जायची, आणि तो हाशहुश करत असा मागे टेकायचा की जणू खरोखरची माणसं वाचली.

कालबूबूला हे सगळं पोरखेळ वाटायचं. "नातवाची वाट बघत होते, तर नवराच लहान झाला," ती म्हणायची. पण तो पुन्हा भांडतोय, दोनदा वाढून घेतोय, सकाळी उठल्यावर हवा कशी आहे ते विचारतोय, हे तिने पाहिलं होतं. त्याच्याकडे आता दुपारची वाट पाहायला काहीतरी होतं. ती बडबडत बडबडत त्याच्या खुर्चीवर उशी ठेवून जायची.

हिवाळा सरत आला तेव्हाची गोष्ट. जेवताना त्याने ताटातलं उजवीकडचं संपवलं, सवयीने तोंड उघडलं, आणि मग काय वाटलं कोण जाणे, मान डावीकडे वळवली. हळू, वळणाआधी फीत शोधतात तशी.

"अगं, इथे अजून मटण आहे की!"

कालबूबू चटकन उठून चहाच्या किटलीकडे गेली आणि बराच वेळ पाठमोरी उभी राहिली.

बर्फ वितळल्यावर तो असानालीकडे गेला. गावातून एकटा चालत गेला, प्रत्येक कोपऱ्यावर थांबून डावीकडे बघत. असानालीने दार उघडलं, पण आत या म्हटलं नाही.

"लग्नात मी तुला पाहिलं नाही," तिलेबाल्दी दारातच म्हणाला. "पाहून न पाहिल्यासारखं केलं नाही. खरंच पाहिलं नाही. डावीकडचं मला दिसत नाही."

"तुला? खिंडीत धुक्यात कोल्हा दिसायचा तुला."

"दिसायचा. आता शेजारचा बैलही दिसत नाही. म्हणून तर तू दिसला नाहीस."

असानाली हसला नाही, पण बाजूला झाला. आत बसल्यावर त्याने मुद्दाम मित्राच्या डाव्या हाताला बैठक मारली. मग म्हणाला, "बरं, आता सांग मी काय करतोय?"

"मूर्खपणा करत असणार."

"बघून सांग."

तिलेबाल्दीने मान वळवायला सुरुवात केली. मध्येच अडकली, नजर आपोआप उजवीकडे परतली. पुन्हा वळवली. "जीभ आत घाल," तो शेवटी म्हणाला. "सत्तरीला आलास."

असानालीने जीभ आत घेतली, आणि मग त्याला काही आवरेना. हसता हसता त्याने डोळे पुसले, उठला, आणि दोन्ही हात पुढे केले. ह्या वेळी उजवीकडून.

त्यानंतर असानाली दुपारी घरी येऊ लागला. खेळ बघायला म्हणून आला, मग खेळायला बसला, आणि पहिल्याच दिवशी ट्रक नदीत घातला. डोळे दोन्हीकडचे शाबूत असून असा घातला, हे तिलेबाल्दीने गावभर सांगितलं. मग आणखी दोघे जुने ड्रायव्हर येऊ लागले. कालबूबू ओरडायची की माझ्या गालिच्यावर चार म्हाताऱ्यांच्या बुटांचा चिखल, आणि बोर्सोक, म्हणजे कणकेचे फुगे, तळून पुढे ठेवायची. चौघांचं मिळून एकही वळण भांडणाशिवाय जात नसे.

उन्हाळ्यात गुलबारा डॉक्टरांनी पुन्हा तपासलं. कागदावरच्या डावीकडच्या बहुतेक रेघा ह्या वेळी त्याने खोडल्या. घाई झाली की मात्र सुटत होत्या.

"पुष्कळ सुधारणा आहे," बाई म्हणाल्या.

"खेळामुळेच ना?" पेरीझातने विचारलं.

"किती खेळामुळे, किती व्यायामामुळे आणि किती आपोआप, हे मी सांगू शकणार नाही. मेंदू स्वतःही सावरतो. पण रोज, महिनोन्महिने, एवढ्या आवडीने डावीकडे बघणारा माणूस मला क्वचितच भेटतो. आणि आधी ते माझ्याशी बोलतही नव्हते."

"आणि ट्रक?" तिलेबाल्दीने विचारलं.

बाईंनी मान हलवली. "नाही."

"कधीच नाही?"

"घाईत तुमच्या रेघा सुटतात, तिलेके," बाई त्याला आदराच्या नावाने म्हणाल्या. "रस्त्यावर तर घाईच घाई."

त्याने वाद घातला नाही. परतीच्या वाटेवर तालांत ट्रक चालवत होता, हा शेजारी. खिंडीच्या वळणांवर त्याची मान आपोआप डावीकडे जात होती, तालांतच्या पलीकडच्या आरशाकडे, आणि पुन्हा रस्त्यावर येत होती. वर पोचल्यावर तो म्हणाला, "थांबव जरा." खाली उतरून त्याने टायरला हात लावला आणि वाऱ्याकडे पाठ करून उभा राहिला. दुःख झालं, ते झालंच. तालांतने घाई केली नाही.

घरी आल्यावर दुपारी मंडळी जमली. खेळायची पाळी पेरीझातची होती. दुसऱ्या शहरातल्या तिच्या जुन्या मैत्रिणी खेळात सामील झाल्या होत्या, सगळ्यांचे ट्रक एका ओळीत चालले होते, आणि हिचा सर्वांत पुढे. असानाली म्हणाला, "सुनबाई, घसा सुकला. चहा मिळेल का?"

पेरीझात उठायला लागली. चहा सुनेनेच ओतायचा, त्या घरात काय आणि कुठल्याही घरात काय.

"बस," तिलेबाल्दी म्हणाला. "पुढे उतार आहे. उतारावर कोणी चाक सोडतं का?"

आणि तो स्वतः स्वयंपाकघरात गेला. कालबूबू तिथे कणीक मळत होती. तिने त्याच्याकडे पाहिलं, आणि किटलीकडे जाणाऱ्या त्याच्या हाताकडे पाहिलं.

"शेजारच्या बायकांना कळलं तर काय म्हणतील?"

"सांग त्यांना, म्हातारा हॉटेलात लागला," तो म्हणाला. "दूध कुठे आहे?"

ती सांगणार होती, पण थांबली. दूध फळीच्या डाव्या टोकाला होतं, आणि त्याने उजव्या टोकापासून डावीकडे शोधायला सुरुवात केली होती.